दोघांतला आजारी कोणता

फालेसीला आठवड्यातून दोन तास हवे होते. जास्त नाही, दोनच. शनिवारी दुपारी, शाळेमागच्या मैदानात, निलगिरीच्या खांबाला ठोकलेल्या लोखंडी कड्यात चेंडू टाकायला. बाकीचा सगळा आठवडा घ्या म्हणायची ती. पोरांनी घ्या, नवऱ्यानं घ्या, चुलीनं घ्या, मक्याच्या शेतानं घ्या, चर्चच्या बायकांनी घ्या. पण शनिवारी शाळेची सावली पायरीखाली उतरली की मला हाक मारायची नाही. आता सांगा, काय वाईट मागितलं हो तिनं? सोनं मागितलं? शहरात घर मागितलं? पण म्बावा गावात त्या दोन तासांवरून बैठक बसली. दोन गावचे मामा खुर्च्या टाकून बसले. पोरीचा चेंडू बंद करायला.

उंच होती फालेसी. हात असे लांब की आंबा झाडावर न चढता काढावा. शाळेत होती तोवर तालुक्याला खेळून आली होती. पाचवीत शाळा सुटली, चेंडू काही सुटला नाही. मग लग्न झालं, मेलिया झाली, जुळे झाले, मग धाकटी झाली, आणि फालेसीचं नाव गेलं. मेलियाची आई झाली ती. पंपावर मेलियाची आई, गिरणीत मेलियाची आई, दवाखान्यात मेलियाची आई. फक्त त्या कड्याखाली बायका ओरडायच्या, "फालेसी! अगं फालेसी, इकडं टाक!" आणि अनवाणी पायानं, कमरेला गुंडाळलेलं चितेंजे घट्ट खोचून, ती अशी वर उठायची की बघत राहावं.

नवरा जायलोसी. वाईट माणूस नव्हता, ते आधीच सांगते. मारत नव्हता, पीत नव्हता. आमच्याकडं सगळेच नवरे घरजावई, तसा तोही लांबून येऊन बायकोच्या गावात राहिलेला. घर बांधलं, वर पत्रा घातला, सायकल होती त्याची. पण दुपार झाली की आंब्याखाली बावोचा पट मांडून बसायचा. त्या खड्ड्यांतून बिया उचल, त्या खड्ड्यात टाक, पुन्हा उचल, पुन्हा टाक. दिवस मावळेपर्यंत. रोज बरं का. शनिवारी नाही, रोज. त्याला कुणी विचारलं नाही, जायलोसी, तुझी पोरं कुठं आहेत?

तर तो आठवडा ऐका. पाऊस संपत आलेला, मका माणसापेक्षा उंच, डबक्यात डासांची गावं वसलेली. सोमवारी धाकटीचं पोट बिघडलं. फालेसी तिला पाठीला बांधून सरकारी दवाखान्यात गेली, दोन तास चालत जायचं, दोन तास चालत यायचं. मंगळवारी मेलियाचे डोळे आले, चिकटून बंद झाले. पुन्हा दवाखाना. बुधवारी धाकटीचं पोट थांबेना म्हणून पुन्हा. गुरुवारी मेलिया शाळेत गेली नाही, तिच्या डोळ्यांत दर चार तासांनी मलम घालायचं. मधेच मक्याच्या पिठाची न्सिमा घोटायची, भाजी खुडायची, पाणी आणायचं, मळलेली फडकी धुवायची. आणि शुक्रवारी संध्याकाळी जुळ्यांतला लिंबानी तापला. रात्रभर अंग तव्यासारखं.

जुळे तीन वर्षांचे. लिंबानी आणि यांखो. जुळ्यांचं आमच्यात ठरलेलं आहे, जे एकाला ते दुसऱ्याला. एकाला निळा सदरा तर दुसऱ्याला निळा सदरा. एकाला मूठभर शेंगा तर दुसऱ्यालाही मोजून तेवढ्याच. एकाला हाक मारली तर दोघांनी यायचं. नाहीतर दुसऱ्याच्या मनाला लागतं, तो झुरतो, आजारी पडतो. मग बाहेरच्या माणसाला कळायचं नाही कोण कोण आहे. बाहेरच्याला, म्हटलं मी. आईला झोपेतही कळतं. लिंबानीच्या डाव्या भुवईत बारीक खाच आहे, नखानं काढल्यासारखी. यांखो हसला की आधी वरचा ओठ हलतो. एवढं साधं.

शनिवारी सामना होता. हा जिंकला की पुढच्या शनिवारी नाकुंबा गावाशी शेवटचा, जिंकेल त्याला बकरा. एनिफा, संघाची म्होरकी, पहाटेच येऊन सांगून गेली, "फालेसी, तू नाही आलीस तर आम्ही कड्याखाली उभं राहून गाणी म्हणायची का?"

फालेसीनं नवऱ्याला उठवलं. "मेलियाचे बाबा, लिंबानीला दवाखान्यात घेऊन जा. सायकल आहे तुमची. तीनदा मी गेले, आज तुम्ही."

जायलोसी उठून बसला, डोळे चोळले. "बरं."

"ही त्याची वही. ही लिंबानीची, बघा, हिच्या कोपऱ्याला तेल लागलंय. दुसरी यांखोची. चुकू नका."

"अगं, कळतं मला."

वही म्हणजे दवाखान्याची वही, ज्याची त्याची वेगळी, त्याशिवाय तिथं कुणी बघत नाही. वही चुकायची भीती होती फालेसीला. वही काही चुकली नाही. बघा माणसाला कशाची भीती वाटते आणि होतं काय.

मग ती धाकटीला पाठीला बांधून फडकी धुवायला नदीवर गेली. तिथून गिरणीत. गिरणीत ही रांग. तिची आई तिथंच भेटली, म्हणली, "पीठ मी नेते, धाकटीला पण दे माझ्याकडं. तू जा मैदानात, वेळ होईल." तशी ती घरी न जाता परस्पर मैदानात गेली. एवढंच. ह्या एका गोष्टीवरून पुढं काय काय बोलले लोक!

इकडं घरी काय झालं? ताप ना, तो येतो जातो. पहाटे लिंबानीचा ताप उतरला होता, घाम येऊन अंग गार. दोघं भाऊ चटईवर एकाच चादरीखाली, एकाच निळ्या सदऱ्यात. मेलिया पंपावर पाण्याला गेलेली. जायलोसीनं ह्याच्या कपाळावर हात ठेवला, गार. त्याच्या कपाळावर ठेवला, गार. मग एकाला उचललं, सायकलच्या दांडीवर बसवलं आणि निघाला.

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. फालेसीनं चार टाकले होते. तेवढ्यात रस्त्यानं सायकल आली. जायलोसी, आणि पुढं दांडीवर पोर, हातात बिस्कीट, हसतंय. जायलोसी रस्त्यावरूनच ओरडला, "मेलियाची आई! काही नाही निघालं! सुई टोचून बघितली, काही नाही! ठणठणीत आहे!"

फालेसीचा जीव भांड्यात पडला. तिनं दोन्ही हात वर केले. बायका हसल्या, एनिफा म्हणली, "चला, आता पोरं बरी झाली, आता दाखव." आणि तिनं दाखवलं. एकामागून एक. सामना जिंकला. बायकांनी तिला मधे घेऊन फेर धरला, जिभा हलवून किंकाळ्या मारल्या. ती धापा टाकत हसत होती. आठवड्यात पहिल्यांदा हसत होती.

घरी आली. यांखो अंगणात सायकलच्या चाकाशी बसलेला. आईला बघून त्यानं बोट वर केलं. "आई, सुई!"

फालेसी थांबली. त्याच्या बोटाच्या टोकाला बारीक काळा ठिपका.

"तुला कुणी टोचली?"

"दवाखान्यात. मी नाही रडलो. बिस्कीट दिलं बाबानं. लिंबानीसाठी पण आणलं, तो घेत नाही."

घेत नाही म्हणल्यावर ती आत पळाली. लिंबानी चटईवर, अंग पेटलेलं, डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हता. शेजारी बिस्कीट तसंच. मेलिया ओला फडका घेऊन बसलेली, रडून तिचे डोळे आणखी सुजलेले. म्हणली, "आई, मी बाबांना सांगितलं, हा गरम आहे. बाबा म्हणले, तो उन्हात खेळला असेल, आजारी तो नव्हेच, आजाऱ्याला मी दाखवून आणलंय."

जायलोसी कुठं होता? आंब्याखाली. बिया टाकत.

फालेसी ओरडली नाही. वेळच नव्हता ओरडायला. पोर पाठीला बांधलं, कोपऱ्याला तेल लागलेली वही छातीशी खोचली आणि आंब्याजवळून जाताना एवढंच म्हणली, "सायकल चालवा." बावोवाल्या दोघातिघांनी माना वर केल्या. जायलोसीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हातातल्या बिया टाकून उठला.

वाटेतच पोराला झटका आला. पाठीवर ते ताठ झालं, मग हातपाय उडायला लागले. चालत्या सायकलवर, मागच्या कॅरियरवर, ती एका हातानं त्याला धरून बसली. जायलोसी पायडल मारतोय आणि रडतोय. आता रडून काय उपयोग?

दवाखान्यात दिवा लावायची वेळ झालेली. आतल्या माणसानं वही उघडली, वाचली आणि भुवया चढवल्या.

"ह्याला सकाळीच तपासलंय. मलेरिया नाही, असं लिहिलंय. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, खेळ वाटतो का तुम्हा बायकांना?"

ऐकलं? पोर पाठीवर उडतंय आणि हा वही वाचतोय.

फालेसी म्हणली, "साहेब, वही ह्याची आहे. बोट ह्याचं नाही."

"म्हणजे?"

तिनं लिंबानीचे दोन्ही पंजे उघडून त्याच्यासमोर धरले. "दहा बोटं आहेत. टोचल्याची खूण दाखवा मला. एका तरी बोटावर दाखवा. सकाळी जे पोर आलं ते घरी बिस्कीट खातंय."

त्या माणसानं बोटं बघितली. मग जायलोसीकडं बघितलं. जायलोसी भिंतीकडं बघत होता. मग मात्र पळापळ झाली, सुई टोचली, हातात नळी लावली. तीन दिवस तिथं. फालेसी पोराच्या खाटेखाली जमिनीवर झोपली, बाहेरच्या चुलवणावर त्याच्यासाठी पेज शिजवली. सोमवारी लिंबानीनं डोळे नीट उघडले आणि म्हणला, "यांखोला पण दे." पेज हो. त्याला प्यायची होती, तर भावाला पण पाहिजे. तेव्हा कुठं फालेसी रडली.

मंगळवारी घरी आली तर गाव बोलून मोकळं झालेलं. पंपावर गेली तर बायका गप्प. गप्प झाल्या की समजावं आपलंच चाललं होतं. एक जण तर तोंडावरच म्हणली, "मेलियाची आई, तू कड्यात चेंडू टाकत होतीस तेव्हा पोराला झटके येत होते म्हणे?"

"झटका संध्याकाळी आला. आणि सकाळी कुणी कुणाला दवाखान्यात नेलं ते विचारलं का तुम्ही?"

"आता नवऱ्यावर ढकलू नकोस बाई. बिचारा सायकल मारत गेला, भर उन्हात. आमचा तर उठतसुद्धा नाही."

बिचारा! बाईनं आठवड्यात तीनदा चालत जाऊन आणलं त्याचं काही नाही, आणि हा एकदा सायकलवर गेला, तेही चुकीचं पोर घेऊन, तर बिचारा.

घरात फालेसीनं नवऱ्याला विचारलं, "तुम्ही सांगितलं का लोकांना, कुठलं पोर नेलं होतं ते?"

जायलोसी म्हणला, "सांगून काय होणार? पोर बरं झालं ना."

"लोक मला बोलतात."

"बोलून थकतील."

पण तो घाबरला होता. गावभर हसं होईल ह्याची धास्ती. आणि घाबरलेला माणूस काय करतो? आधी जाऊन तक्रार करतो. गुरुवारी त्याचा मामा सिमियोनी आपल्या गावाहून आला, काळी टोपी, हातात काठी. आणि निरोप आला की नवराबायकोची बैठक आहे. फालेसीच्या बाजूनं तिचा लाझारो मामा बसेल. लग्न ह्या दोन मामांनी जमवलं होतं, भांडणही तेच बघणार. विषय काय, तर पोरं आजारी असताना बायको चेंडू खेळते.

आणि आता ऐका, हे मला अजून गिळवत नाही. त्या दोन मामांना जेवायला घालायचं कुणी? फालेसीनं. तिच्यावरच बैठक, आणि कोंबडी तिनंच कापायची, पिसं तिनंच उपटायची, न्सिमा तिनंच घोटायची. चुलीच्या धुरात डोळे पुसत ती रस्सा ढवळत होती आणि ओट्यावर दोघं मामा पावसापाण्याच्या गप्पा मारत होते.

रस्सा उतरवल्यावर तिला बोलावलं. पुरुष खुर्च्यांवर, बायका चटईवर. चटईच्या कडेला जुळे बसलेले, दोघांना फालेसीच्या आईनं एकेक गोड तळलेलं मंदासी दिलेलं, तेलकट हात, निळे सदरे. बैठकीत बाईनं आपल्या तोंडानं बोलायचं नसतं, मामाच्या कानात सांगायचं आणि मामानं मोठ्यानं बोलायचं. तशी फालेसी लाझारो मामाच्या खुर्चीशी बसली.

सिमियोनी खाकरला. "आमचा भाचा तुमच्या गावात आला, घर बांधलं, पत्रा घातला. कधी तक्रार केली नाही. आज एकच सांगतो. शनिवारी पोर आजारी. ह्यानं स्वतः दवाखान्यात नेलं. ही वही." त्यानं वही वर धरली, तेल लागलेली. "शिक्का आहे. आणि त्याच दिवशी ही बाई मैदानात उड्या मारत होती. संध्याकाळी पोर मरायला टेकलं. आईचं लक्ष असतं तर असं झालं असतं का?"

फालेसी मामाच्या कानाशी वाकली. "मामा, सांग त्यांना, ज्याला ताप होता त्याला ह्यांनी नेलंच नाही. चांगल्या पोराला टोचून आणलं आणि आजारी घरात ठेवलं. माझं पोर ह्यांच्यामुळं मरत होतं."

लाझारो मामानं मान हलवली. घसा साफ केला. "आमची पोरगी म्हणते, जावईबापूंनी धावपळ केली, त्याचे उपकार आहेत. घाईगर्दीत थोडा घोटाळा झाला असेल, घरात होतं असं."

"मी असं नाही म्हटलं!"

"हळू," मामा दात न उघडता म्हणला. "जावई आहे. उद्या सायकल घेऊन निघून गेला तर पत्रा काढून नेईल."

पत्रा! मामाला पत्र्याची पडली होती.

फालेसी पुन्हा कानाशी लागली. "मग हे सांग. आठवडाभर दवाखान्यात मी होते. हे रोज दुपारी बावो खेळतात. त्याची बैठक कधी बसवणार?"

लाझारो मामा हसरा चेहरा करून म्हणला, "आमची पोरगी म्हणते, पुरुषमाणसाला जरा विरंगुळा लागतो, हे तिला समजतं."

चटईवर फालेसीच्या आईनं कपाळाला हात लावला. फालेसीचे कान तापले. जे बोलावं ते मामाच्या तोंडातून दूधसाखर होऊन बाहेर पडत होतं. अशानं काय बोलायचं माणसानं?

सिमियोनी खूश झाला. "पोरगी समजूतदार आहे. मग एवढंच ठरवू, धाकटी शाळेत जाईपर्यंत चेंडू बंद. नंतर बघू."

धाकटी आठ महिन्यांची. म्हणजे सहा वर्षं. सहा वर्षांनी कुठला चेंडू आणि कुठली फालेसी? लाझारो मामा मान हलवायच्या बेतात होता. परवाच्या दिवशी नाकुंबाशी सामना. फालेसीनं त्याच्या खुर्चीचा हात धरला.

"मामा, एकच विचार. भांडण नाही, काही नाही. नुसता प्रश्न. मेलियाच्या बाबांना विचार, दोघांतला आजारी कोणता होता?"

मामानं प्रश्न तोंडात घोळवला. ह्यात मऊ करण्यासारखं काही सापडेना त्याला. साधा प्रश्न, ना शिवी ना तक्रार. तो जसाच्या तसा म्हणला, "आमची पोरगी विचारते, दोघांतला आजारी कोणता होता?"

"लिंबानी," जायलोसी पटकन म्हणला.

फालेसी कानात म्हणली, "नाव नको. बोट दाखवायला सांग."

"बोट दाखवा म्हणते, जावईबापू."

जायलोसीनं पोरांकडं बघितलं. दोघं मंदासी खात होते, दोघांच्या गालावर तेल. त्याला युक्ती सुचली, म्हणला, "लिंबानी! इकडं ये बाळा."

आणि दोघं उठले. दोघं धावत आले आणि बापासमोर हात पुढं करून उभे राहिले. एकाला हाक मारली की दोघांनी यायचं, तसंच शिकवलेलं त्यांना.

चटईवर कुणीतरी फिसकन हसलं. जायलोसी एकाकडं बघे, दुसऱ्याकडं बघे. कपाळावर घाम.

सिमियोनी म्हणला, "अरे दाखव की. बाप ना तू?"

"दाखवतो ना. हा... म्हणजे..."

लाझारो मामा मदतीला वाकला. "काय अवघड आहे त्यात, जावईबापू, हा बघा, हा आपला..." आणि त्याचंही बोट हवेतच राहिलं. पोरांच्या आजीचा सख्खा भाऊ तो, रोज अंगणात पोरं खेळतात त्याच्या. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मंदासी?" एक जुळा म्हणला, हात तसाच पुढं.

आता बायका उघड हसल्या. फालेसीची आई तर चितेंजेच्या टोकात तोंड घालून हलत होती. पण फालेसी हसली नाही. तिला हसू येत नव्हतं हो. तीन दिवस खाटेखाली झोपलेली बाई ती.

सिमियोनीनं टोपी काढली, डोकं खाजवलं. तो म्हातारा लबाड असेल, पण मूर्ख नव्हता. त्यानं वहीकडं बघितलं, भाच्याकडं बघितलं. "जायलोसी. शनिवारी तू कुठल्याला नेलंस?"

जायलोसी जमिनीकडं बघून म्हणला, "दाराकडच्याला."

"काय?"

"दाराकडं जो झोपला होता त्याला. दोघांचं अंग गार होतं, मामा. मला वाटलं दाराकडचाच."

कोंबडीचा रस्सा थंड होत होता. मग सिमियोनी काय म्हणला माहीत आहे? म्हणला, "असो. चूक काय, कुणाचीही होते."

कुणाचीही होते! बघा आता. बाईनं दोन तास चेंडू खेळला तर दोन गावचे मामा, खुर्च्या, काळी टोपी, सहा वर्षं बंदी. आणि बापाला तीन वर्षांत पोराचं तोंड ओळखता आलं नाही, पोर मरता मरता वाचलं, तर चूक कुणाचीही होते. कोंबडी खाऊन उठले दोघं. निकाल काहीच दिला नाही. चेंडूचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही. लाझारो मामा जाताना हळूच म्हणला, "पोरी, माझ्या तोंडून असा प्रश्न विचारायला लावलास, माझी पण लाज काढलीस."

"मामा," फालेसी म्हणली, "तू मऊ करून सांगितलं असतंस तर चाललं असतं की."

शनिवारी तिनं कुणाला विचारलं नाही. सकाळी न्सिमा घोटली, धाकटीला आईकडं दिलं, जुळ्यांना नवऱ्याच्या पुढ्यात बसवलं. दवाखान्यातून दिलेलं औषध त्याच्या हातात दिलं. "दुपारी एक चमचा. लिंबानीला. यांखोला नाही."

जायलोसी म्हणला, "कळेल मला. मी सोय केलीय." आणि दाखवलं, त्यानं लिंबानीच्या मनगटाला लाल दोरा बांधला होता. भलता खूश होता स्वतःवर.

फालेसीनं दोऱ्याकडं बघितलं आणि चितेंजे खोचून गेली.

मैदानात नाकुंबाच्या बायका आलेल्या, दांडग्या, एकेकीचे खांदे असे की वाट द्यावी. त्यांची कड्याखालची राखणदार फालेसीला म्हणली, "काय गं, तुझा नवरा सोडतो का तुला? ऐकलंय आम्ही."

"सोडायला बांधलंय कुणी?" फालेसी म्हणली आणि तिच्या डोक्यावरून पहिला टाकला.

बरोबरीत चाललं. ह्यांचा एक, त्यांचा एक. शेवटी शेवटी अकरा-अकरा. एनिफानं लांबून चेंडू फेकला, फालेसीनं उडी मारून झेलला. चेंडू हातात आला की तीन मोजेपर्यंत टाकावा लागतो, जास्त वेळ धरता येत नाही. आणि तेवढ्यात रेषेपलीकडून आवाज आला.

"मेलियाची आई! ए मेलियाची आई!"

जायलोसी. सायकलच्या दांडीवर एक पोर, कॅरियरवर एक पोर, हातात औषधाची बाटली. आणि दोन्ही पोरांच्या मनगटाला लाल दोरा.

"यांखो रडायला लागला गं दोऱ्यासाठी! एकाला बांधला तर दुसऱ्याला नको का! आता चमचा कुणाला देऊ?"

मैदानभर हशा. नाकुंबाच्या बायका पोट धरून हसल्या. राखणदार हात वर करून उभी, एनिफा ओरडतेय, "फालेसी, टाक!"

फालेसीनं कड्यावरची नजर काढली नाही.

"तोंडाकडं बघा!" ती ओरडली. "दोऱ्याकडं काय बघता, तोंडाकडं बघा! भुवईकडं!"

आणि चेंडू सोडला. तो कड्यावर एकदा आपटला, काठावरून फिरला, आत पडला. बायका तिच्या अंगावर कोसळल्या, किंकाळ्या, धूळ, कुणीतरी तिचं नाव घेऊन गाणं सुरू केलं. त्या गर्दीतून तिनं मान काढून पाहिलं. सायकल गवतात आडवी पडलेली. जायलोसी मातीत उकिडवा बसला होता, एका हातात एकाची हनुवटी, दुसऱ्या हातात दुसऱ्याची, आणि नाकाला नाक लावून बघत होता, आधी ह्याच्याकडं, मग त्याच्याकडं, मग पुन्हा ह्याच्याकडं.

तिनं हाक मारली नाही, सांगायला गेली नाही. तीन वर्षं झाली त्यांना जन्मून. बघू दे म्हणली, आज तरी बघू दे.